नेडाची दुसरी खिडकी

आमचं हंट्सव्हिल म्हणजे अमेरिकेतलं रॉकेटचं गाव, इथे रॉकेटबद्दल न्हावीसुद्धा सल्ला देतो. पण रॉकेटच्या अणुइंजिनाची इंधनदांडी अणूशिवाय तापवून पारखायची, हे आमच्याच शेडचं काम. युरेनियम नाही. तशाच घडणीची नकली दांडी, भोवती तांब्याचं वेटोळं, वेटोळ्यात वीज आणि दांडीच्या भोकांतून हायड्रोजन. सव्वीस वर्षं ते वेटोळं मी सांभाळतेय, उगाच नाही तोंड चालवत.

त्या गुरुवारी दांडी एकच होती, म्हाताऱ्या हॉयटने अकरा महिने खपून केलेली. आता त्याचे हात थरथरतात, दुसरी व्हायची नाही. चोवीसशे अंशांवर ती दहा मिनिटं टिकायला हवी होती. पंचवीसशेला हायड्रोजनपासून वाचवणारा वरचा लेप गेला की खेळ खलास.

तापमानाचा काटा साडेबावीसशेवर अडला.

"मिस नेडा, वीज वाढवा," प्रेस्टन म्हणाला. हुशार माणूस, पण प्रमुख होऊन जेमतेम महिना झालेला.

"नाही वाढवणार."

"काटा दिसतोय ना तुम्हाला?"

"मला काटा दिसतोय रे बाळा, काट्याला दांडी दिसत नाहीये! तो भट्टीच्या खिडकीच्या काचेतून बघतो. दांडीची वाफ काचेवर बसली असणार. एवढ्या विजेला चोवीसशे व्हायलाच हवेत."

"असणार म्हणजे? अंदाजावर चालायचं का? सरका, मी वाढवतो."

असा संताप आला! मी बटणावर हात आडवा धरला. "वाढव. पण आधी हॉयटला सांगून ये."

हॉयट मागे उकडलेल्या शेंगा सोलत होता. त्याचे हात थांबले.

दोन वर्षांपूर्वी मी भांडून भट्टीला दुसरी खिडकी बसवून घेतली होती. तिच्यावर कायम झडप, म्हणजे काच स्वच्छ राहते. रविवारपुरतं उघडणारं 'नेडाचं चर्च' म्हणून सगळे खिदळायचे. मी झडप सेकंदभर उघडली. तिथला काटा म्हणाला, चोवीसशे तीस.

प्रेस्टन पांढराफटक पडला. "मी वाढवली असती तर..."

"तर अकरा महिन्यांचं वाटोळं झालं असतं. घड्याळ लाव आता."

दहा मिनिटं पुरी झाली. दांडी थंड व्हायला दुपार गेली. हॉयटने ती उघड्या हाताने उचलली तसा प्रेस्टन दचकला. "अहो, हातमोजे!"

"कशाला? युरेनियम असतं तर आज मला हिच्या जवळसुद्धा जाऊ दिलं नसतं." त्याने अंगठा टोकापासून टोकापर्यंत फिरवला. "नेडा, एक चीर नाही गं."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.