स्वगतातलं विसरलेलं वाक्य

प्रॉम्प्टरचं काम म्हणजे विंगेत उभं राहायचं आणि दुसऱ्याचं विसरणं सांभाळायचं. ज्योत्स्ना ते मन लावून करायची. पण या नाटकानं तिची झोप उडवली होती. तिचा नवरा ललित त्यात थोरल्या भावाला विष देणारा राजपुत्र होता. लांबलचक स्वगत घडाघडा म्हणायचा आणि एकाच वाक्याला अडायचा, "थांब दादा, तो पेला खाली ठेव!" तालमीत रोज तिथंच. रोज ती सांगायची, तेव्हा कुठे गाडी पुढे.

"अहो, बाकी सगळं पाठ आणि हेच कसं विसरता?" तिनं एकदा विचारलं. तो हसून पुन्हा संहिता चाळायला लागला.

नाटक बसवणाऱ्या प्रतिभाताई म्हणायच्या, "माणूस चारचौघांत खोटं बोलेल, स्वगतात नाही. तो कोण आहे ते तिथंच कळतं." हे ऐकल्यापासून ज्योत्स्ना ललितवर नजर ठेवून होती. कारण घरातही एक थोरला भाऊ होता, बहिरूदादा. मखमलाबादचा झेंडूचा मळा विकायला ते काही केल्या तयार नव्हते, आणि आधी कडाकडा भांडणारा ललित हल्ली त्यांच्याशी गोडगोड बोलत होता. या गोड बोलण्याचीच तिला भीती वाटायची.

प्रयोगाच्या संध्याकाळी निघताना तो म्हणाला, "दादाच्या ताकाचं मी बघतो, तू गाडीत बस." फुलं बाजारात पोचवून आले की बहिरूदादा तांब्याभर ताक प्यायचे. ते रोज ज्योत्स्ना झाकून ठेवायची. आजच याला कसली माया आली? नाटकाच्या नादात मेलं काहीबाही सुचतं, म्हणून तिनं स्वतःलाच दटावलं.

तिसऱ्या अंकात स्वगत आलं. ती मोबाइलच्या उजेडात संहिता धरून उभी. ललित त्याच वाक्यापाशी आला आणि थांबला. तिचे ओठ उघडले, पण तिनं ते घट्ट मिटले. आज सांगायचं नाही. त्याच्या आत असेल तर येऊ दे. नाट्यगृह चिडीचूप. अरे बोल ना बाबा, बोल!

ललितनं विंगेकडे मान वळवली. डोळे भरलेले. पहिल्या रांगेलाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो म्हणाला, "ज्योत्स्ना, दादाला फोन कर. ताक पिऊ नको म्हणावं."

लोकांना नुसते डोळे दिसले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

संहिता तिच्या हातून गळून पडली. तिनं नंबर लावला. रिंग जातेय, जातेय, उचलत कसे नाहीत हे!

"बोल गं," बहिरूदादा म्हणाले. "आत्ताच आलो. तांब्या हातातच हाय."

"थांबा दादा," ती किंचाळली, "तो तांब्या खाली ठेवा!"