दूध सोडवायचं राहिलं

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. पण गणपतीचे आठ दिवस, शिमग्याचे पाच आणि मे महिन्यातले पंधरा, असं सगळं जमेस धरलं तरी चिमा आणि भागोजी एका छपराखाली तीन वर्षंसुद्धा राहिले नव्हते. खेड तालुक्यातल्या त्या वाडीत निम्म्या बायकांचे संसार असेच, त्यामुळे त्याचं कुणाला नवल नव्हतं. भागोजी गोरेगावच्या एका तबेल्यात म्हशी पिळायचा. सगळ्या भय्या लोकांत तो एकटा कोकणी. मग तबेला उठला आणि गेल्या वर्षी जूनमध्ये माणूस ट्रंक घेऊन कायमचा घरी आला.

चिमाला आनंद झाला, आणि भीतीही वाटली. नवरा घरात रोज असणं म्हणजे काय असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

पहिल्याच लावणीला ठिणगी पडली. भागोजी रोपं दाट लावत होता. चिमा चार बायकांदेखत म्हणाली, "अवो, अशी नाय लावत. बोटभर लांब लावा." झालं! हातातली जुडी तिथेच टाकून तो बांधावर चढला. दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी ओटीवर बसून त्याने नालासोपाऱ्याला मुलाला, रितेशला, फोन लावला. "तुझ्या रूमात माझं एक आंथरुण मावंल काय रे?" आत चुलीपाशी चिमाने ते ऐकलं. तो गेला नाही; पण त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप घातलं. भात करपला, कुंपण वाकडं झालं, तरी बाई गप्प. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती कशाला उघडा?

दिवाळीत भागोजीने घाटावरून आलेली एक तांबडी दुभती शेळी घेतली. तांबू. पिल्लू आधीच विकलेलं, कास मात्र भरलेली. दोघांनी जन्मात शेळी पाळली नव्हती. पण दूध काढण्यात भागोजीचा हात धरणारा वाडीत कोणी नव्हता, आणि हे एक काम असं होतं की ज्यात तो सांगणार आणि चिमा शिकणार.

"वडू नुको अगो, ती काय विहिरीची दोरी हाय?" तो म्हणायचा. आधी कोमट पाण्याने कास पुसायची. पहिल्या दोन धारा भुईवर सोडायच्या, त्यात घाण असते. मग अंगठा आणि पहिलं बोट यांनी सड वरून आवळायचा, म्हणजे दूध माघारी चढत नाही, आणि बाकीची बोटं एकामागून एक मिटत आणायची. चिमाची बोटं नांगी टाकायची. तांबू लाथ मारायची, तांब्या कलंडायचा. मग भागोजी तिच्या हातावर हात ठेवून दाखवायचा. पन्नाशीला टेकलेल्या बाईने लाजावं असं त्यात काही नव्हतं, तरी ती लाजायची. खरं सांगायचं तर चिमा तेवढी सुखी त्याआधी कधीच नव्हती. सकाळ-संध्याकाळ गोठ्यात दोघं बसत, आणि तो तबेल्याच्या गोष्टी सांगे. दूध दोन घरी जाऊ लागलं. लोक त्याला हाक मारून बोलू लागले. रितेशला फोन झाला तरी आंथरुणाचा विषय निघेनासा झाला.

फाल्गुनात एका सकाळी तांबू बेंबें करून ओरडायला लागली. चारा खाईना, शेपूट सारखी हलवी. तबेल्यात एकतीस वर्षं काढलेला गडी घाबरला, म्हणाला पोटात कळ असेल. शेजारची गंगुबाई हसून हसून वाकली. तिच्याकडे पिढीजात शेरडं. "अरे भागोजी, तिला बोकड हवाय! आजच ने, उद्या माज उतरंल, मग तीन आठवडं बसशील वाट बघत."

गंगुबाईच्या बोकडाकडे नेली. तांबू फळली. चिमा हळदीकुंकवाची वाटी घेऊन गेली होती, त्यातलं हळदकुंकू तिने बोकडालाही लावलं.

परतताना गंगुबाईने चिमाला बाजूला घेतलं. "पाच म्हयन्यांनी इईल बघ. पण आयक, जेठ लागला की दूध सोडवायचं. आधी एक वेळचं, मग एक दिवसाआड, मग बंद. शेवटचं दोन म्हयनं जा काय ती खाईल ता पोटातल्या पिल्लांना मिळाला पायजे. नायतर आय पन जाते न् पोर पन."

चिमाने मान हलवली. सांगायचं कुणाला, तर भागोजीला. आणि सांगायचं काय, तर तुम्हाला दुधातलं कळत नाही!

खरं म्हणजे त्याला कळावं कसं? तबेल्यात म्हैस गाभण राहिलेली त्याने कधी पाहिलीच नव्हती. व्यालेली म्हैस ट्रकमधून यायची, आटली की ट्रकमधून जायची. मधली गोष्ट त्या तबेल्यात नव्हतीच. त्याचं एकच शास्त्र: हात थांबला की दूध थांबलं.

जेठ लागला. एका संध्याकाळी चिमा चाचरत म्हणाली, "आज ऱ्हाव दे का? दमलीशी दिसते."

"तू गप. हात सोडला तर जनावर नासतं."

त्याच्या कपाळाला आठी पडली. ती आठी तिने लावणीच्या दिवशी पाहिली होती. ती गप झाली. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाली, मग सोमवारी सांगू म्हणाली. मनाची समजूत घालायला ती तांबूला चोरून नाचणीची भाकरी घाली, फणसाचा पाला जास्तीचा टाकी. आषाढ निघाला. तांबूच्या पोटाचा नगारा झाला आणि पाठीची हाडं वर आली. दूध पेलाभर उरलं, तरी भागोजी नेमाने बसे, शेवटचा थेंब काढी आणि म्हणे, "बघ, अजून देते. हात लागतो त्याला." चिमा तो पेला त्याच्याकडे पाठ करून विसळी.

श्रावणातल्या एका सकाळी तांबू व्याली. पहिलं करडू मेलेलं. दुसरं मूठभर, त्याला मान उचलता येईना. चिमाने पदराने पुसून कासेला लावलं, तर कासेत चीकच नव्हता. तासाभरात तेही गेलं. तांबू बसली ती उठेना. कान थंड पडले. खेडहून डॉक्टर मोटरसायकलने आले, त्यांनी शिरेतून सलाईन लावलं आणि विचारलं, "दूध कधी बंद केलं होतं?"

"बंद?" भागोजी म्हणाला. "काल संध्याकाळी काढलं की."

डॉक्टरांनी सलाईनची बाटली वर धरली. गोठ्याच्या दारात उभी असलेली गंगुबाई मात्र बोलली. म्हातारीच्या पोटात राहत नाही. "मी ह्या चिमेला फाल्गुनातच सांगितलं व्हतं रे!"

भागोजीने चिमाकडे पाहिलं. दुपारी तांबू गेली. त्याने एकट्याने मागल्या परसात खड्डा खणला, कातळ लागला तिथे पहार घेतली, पण चिमाला घमेलंही उचलू दिलं नाही. हातपाय धुऊन ओटीवर बसल्यावर त्याने विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग बोललीस का नाय?"

चिमाला रडू फुटलं. "तुमी जाल म्हणून. लावणीला बोलले तर रितेसला फोन केलात. म्हटलं, शेरडापायी मानूस जायला नुको."

तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने हाताची बोटं एकामागून एक मिटली आणि सोडली. मग हळू आवाजात म्हणाला, "चुकलास म्हणून पावण्याला कोन सांगत नाय. घरच्या मानसाला सांगतात."

भागोजी मुंबईला गेला नाही. चिमाला वाटलं होतं तसलं काहीच झालं नाही. तो घरातच राहिला, पण आता पाणी हवं तर विचारून घेई. ताट स्वतः घासून पालथं ठेवी. कशाला नाही म्हणत नसे, कशावर रुसत नसे. चिमा त्याला आता हवं ते बोले, अगदी मुद्दाम बोले: कुंपण वाकडं आहे, लाकडं ओली आणलीत. तो म्हणे, "बरं," आणि नीट करी.

आठवडा गेला. एका दुपारी कुळथाच्या पिठल्यात चिमाच्या हातून मीठ दोनदा पडलं. तिने पहिला घास घेतला आणि तिला ठसका लागला. समोर भागोजी जेवत होता. सावकाश, मान खाली घालून त्याने सगळं पिठलं भाताशी कालवून संपवलं. चिमा घास हातात धरून बघत राहिली. तो आता काहीतरी बोलेल, निदान तोंड तरी वाकडं करील, म्हणून तिने जीव गोळा करून विचारलं, "कसं झालंय?"

"छान झालंय," भागोजी म्हणाला, आणि ताट घेऊन उठला.