भागीबाईचं ठिगळ

मी एक जुना विंडसॉक आहे. म्हणजे वारा कुठून येतो ते वैमानिकाला दाखवणारी, खांबावरची लांब कापडी बाही. ओझरच्या पलीकडे, द्राक्षबागांमधल्या एका छोट्या खासगी धावपट्टीवर मी सात वर्षं नोकरी केली. वारा असला की ताठ व्हायचं, पडला की लोंबायचं. मित्रांनो, आमच्या कामात एवढंच बोलायचं असतं, पण खरं बोलायचं असतं.

सुरुवातीला माझा नारिंगी रंग लांबून दिसे. विमान शिकवणारे ललित सर मुलांना सांगत, "आधी ह्याला विचारा, मग उतरा." मला भारी अभिमान वाटे. पुढं उन्हानं रंग उडाला, शिवण उसवली. पट्टीवरचं गवत कापणाऱ्या भागीबाईला माझी दया आली. "टाकता कशाला? अजून लय टिकंल," म्हणत तिनं आपल्या जुन्या लुगड्याचं दुहेरी ठिगळ लावलं. सरांनीही कौतुक केलं. मी जड झालो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात शिकाऊ वेदिका धुळ्याहून एकटी विमान घेऊन परतत होती. निघायलाच उशीर झालेला. आमच्या पट्टीवर दिवे नाहीत. अंधाराआधी चाकं टेकलीच पाहिजेत. सूर्य बुडाला होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लोंबत होतो. ते रेडिओवर म्हणाले, "वारा पडलाय. नेहमीसारखी पूर्वेकडून ये."

वारा पडला नव्हता. तो फिरून तिच्या पाठीमागून येत होता, मलाच उठवत नव्हतं. उतरताना वारा समोरून हवा; मागून ढकलत असल्यानं अर्धी पट्टी मागे पडली तरी विमान टेकेना. अंधुक उजेडात जमीन किती खाली आहे, तेही तिला कळेना. समोर द्राक्षवेलींच्या मांडवाचे लोखंडी अँगल.

"वर घे!" सर ओरडले. तिनं घेतलं.

"सर, आता पट्टी नीट दिसत नाहीये," ती रेडिओवर म्हणाली.

पोरीला उजेड दिसावा म्हणून भागीबाईनं पट्टीच्या कडेला कापलेलं गवत पेटवलं. धूर सरळ पश्चिमेकडे पळाला. सरांनी धूर पाहिला, मग मला पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "वेदिका, उलट्या बाजूनं, पश्चिमेकडून ये. जाळ डाव्या हाताला ठेव."

चाकं टेकली. विमान थांबलं. भागीबाई धावत गेली. "माझ्या ठिगळानं घात केला असता गं, बाई!"

"मावशी, जाळ पण तुमचाच होता," वेदिका म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडून रडली.

दुसऱ्या दिवशी मला खाली काढलं. आता मी भागीबाईच्या मेथीच्या वाफ्यावर पाखरं हाकतो. मित्रांनो, त्या संध्याकाळची मला अजून लाज वाटते. जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. पण जिच्या भरवशावर कुणी आभाळातून खाली येणार आहे, ती थकली की तिला ठिगळ लावू नका. तिला वेळेवर सुट्टी द्या.