रक्तवाढीच्या गोळ्या

धानाला लोंब्या आल्या त्याच आठवड्यात देवाजींची कुत्री ढवळी व्याली. पाच पिल्लं झाली. ती पाचही दिवसभर तिला लुचत आणि ढवळी दिवसागणिक वाळत चालली. चौथ्या आठवड्यात तर तिला उठून उभं राहणंही जड जाऊ लागलं.

देवाजींची सून कमळा हिचा जीव तिच्यासाठी तुटे. लग्न होऊन ती पोंभुर्ण्याजवळच्या या खेड्यात आली, तेव्हा या घरात सगळ्यांत आधी तिच्या पायाशी येऊन बसली ती ढवळीच. आता कमळालाही सहावा महिना होता. शेजारची मीराबाई चिडवायची, "कुत्रीनं बाजी मारली वो पोरी! तू मांगंच राह्यली."

नर्सबाई दर महिन्याला कमळाला रक्तवाढीच्या लाल गोळ्या देऊन जाई. पण त्या खाल्ल्या की पोटातलं मूल फार वाढतं आणि बाळंतपण अडतं, असं गावातल्या बायका सांगत. कमळा त्या खात नसे. फेकवतही नसत, म्हणून डब्यात साचवून ठेवी. एक दिवस तिच्या मनात आलं, बाईला ताकद देणारी गोळी कुत्रीला का नाही देणार? गुळात दाबून ती ढवळीला रोज एक देऊ लागली. चार दिवस झाले तरी फरक दिसेना.

त्या सकाळी देवाजी म्हणाले, "डुक्करं धानाच्या बांधीत शिरून राह्यले. राखणीले ढवळी उठाले पायजे आता."

कमळाने डब्यातल्या सगळ्या गोळ्या, वीस-बावीस तरी असतील, गूळभातात कुस्करल्या. ढवळीने थाळी चाटून पुसून काढली.

"खाल्लं वो मायनं," कमळा हरखून म्हणाली.

दुपारी ढवळी ओकू लागली. ओकारीत रक्त होतं. कमळाचा नवरा अश्वजित सायकल दामटत पोंभुर्ण्याला गेला आणि गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आला.

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टरांनी विचारलं. कमळाने हातातला डबा पदराखाली ओढला. "बाई, मी रागावत नाही. कळलं तर काही करता येईल."

कमळाने रिकामा डबा पुढे केला. "मायावाल्या रक्तवाढीच्या गोळ्या होत्या. ताकद याले पायजे म्हणून देल्या."

"म्हणजे तू खातच नव्हती?" अश्वजित म्हणाला.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, "यात लोह असतं. इतकं झालं की कुत्र्याचं आतडं जळतं."

"मंग हिले द्यायचं काय होतं?" कमळाने विचारलं.

"खायला. रोजच्या तिप्पट भात, सोबत अंडं, मासोळी, जे असेल ते. पाच पिल्लं पीत होती ना! नीट पोटभर मिळालं तर सहसा वरून काही लागत नाही. लागलंच, तर आम्ही तपासून, वजन बघून देतो."

कमळा खाली बसली. ढवळीला संध्याकाळी उरलेला भात मिळे, पूर्वी मिळे तेवढाच. पिल्लं झाल्यावर त्यात कोणी एक मूठ वाढवली नव्हती. तिनेही नाही. तांदूळ तर घरात होते.

दिवेलागणीच्या आधी ढवळीचा श्वास थांबला. डॉक्टरांनी सुई काढून घेतली.

पिल्लांना काही कळलं नव्हतं. ती अजून लुचतच होती. देवाजी एकेकाला उचलून कमळाच्या ओटीत ठेवत, आणि ती उतरून पुन्हा तिकडेच धडपडत जात.