हातिजेच्या नावाने बोर्सोक

ती तुर्की मालिका भिकार होती, याबद्दल मीरिमचं आणि तिच्या सासूचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं. बाकी कशाबद्दलही नव्हतं. मालिकेतल्या एवढ्या मोठ्या हवेलीत एकही माणूस कामाला जात नसे. नटी झोपेतून उठायची ती ओठ रंगवूनच. त्यातून सगळ्या पात्रांचे संवाद किरगीझमध्ये म्हणणारा बुवा एकच. बायका, म्हातारे, पोरंटोरं, सगळे त्याच्याच आवाजात बोलायचे, आणि तो हवामानाचा अंदाज वाचल्यासारखा बोलायचा.

"याला पगार देतात?" सासू झूराकान विचारायची. "आपली गाय याच्यापेक्षा जीव ओतून हंबरते."

तरी रोज संध्याकाळी दूध काढून झालं की दोघी टीव्हीपुढे हजर. शिव्या घालायला.

कारण तिलेक गेल्यापासून त्या घरात बोलायला दुसरं काही उरलंच नव्हतं. तिलेक म्हणजे मीरिमचा नवरा, झूराकानचा धाकटा. दोलोनच्या घाटात त्याचा कोळशाचा ट्रक बर्फावरून घसरला. त्यानंतरचा पहिला हिवाळा दोघींनी एकमेकींना चुकवत काढला. एक रडायला लागली की दुसरी गोठ्यात जायची. मूलबाळ नव्हतं. गावातल्या बायका मीरिमला तोंडावर विचारायच्या, "मग, माहेरी कधी?" या बायकांना स्वतःच्या घरातलं धड दिसत नव्हतं, पण दुसऱ्याच्या सुनेची काळजी भारी. झूराकानने तसं कधी विचारलं नाही. पण राहा, असंही कधी म्हटलं नाही. त्या एका शब्दावर मीरिमचं सगळं अडलं होतं आणि तो मागायची तिची छाती नव्हती. माहेरी कोचकोरला भावाचा संसार होता. तिथे ती खाटेसारखी एका भिंतीला लागून पडली असती.

मालिका सुरू झाली आणि म्हातारीला वाचा फुटली. मालिकेत हातिजे नावाची सासू होती, सोन्याने लगडलेली, सुनेच्या मागे हात धुऊन लागलेली.

"बघ, बघ! स्वतः चहा ओतून घेतेय आणि सून सोफ्यावर लोळतेय!"

"आपा, ती सून नाही, मोलकरीण आहे." आपा म्हणजे आई; सासूलाही तेच म्हणायचं.

"मोलकरीण सोफ्यावर? मग बुडालंच म्हणायचं ते घर."

सुनेने दाराजवळ बसावं आणि चहा ओतत राहावं, ही तिथली रीत. पण हातिजेला नावं ठेवता ठेवता मीरिम सरकत सरकत सासूच्या गादीवर कधी पोचली, ते दोघींनाही कळलं नाही.

आणि एका गुरुवारी हातिजे मेली. जिन्यावरून पडून.

"एवढे दागिने घालून फिरल्यावर पायरी कुठली दिसायला?" मीरिम म्हणाली आणि सासूच्या पुढच्या शिवीची वाट बघत बसली.

झूराकानने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "आपण तिला फार बोललो गं."

"आपा, नटी आहे ती. आत्ता घरी बसून जेवत असेल."

"नटी जेवत असेल. हातिजे मेलीच ना? मेलेल्या माणसाला बोललेलं अंगावर राहतं. आणि तिच्या नावाने तेल कोण तापवणार? तो मुलगा? तो तर आईला टाकून वकिलाकडे पळाला. उद्या शुक्रवार आहे. कणीक भिजव."

मीरिमला हसावं की रडावं कळेना. कढईत तेल तापवून बोर्सोक तळले की त्याचा वास मेलेल्यांपर्यंत पोचतो आणि तेवढ्यावर त्यांचं पोट भरतं, हे सगळं गाव मानतं. तीही मानायची. पण टीव्हीतल्या बाईचं पोट? मनातल्या मनात सासूची अक्कल काढत तिने कणीक मळली, लाटली, चौकोनी तुकडे कापले आणि तळायला घेतले.

वासावर शेजारची बुरुलचा आली. कुणासाठी, म्हणून विचारलं. सांगितल्यावर ती हसेल असं मीरिमला वाटलं होतं.

"बरं केलंत," बुरुलचा म्हणाली. "मला रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

ही पण! मीरिमने कपाळाला हात लावला. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर बोर्सोकांची रास पडली, चहा आला, झूराकान दुवा म्हणायला बसली आणि अडली.

"हातिजेच्या बापाचं नाव काय?"

"मालिकेत सांगितलंच नाही, आपा."

"बघ! एवढ्या दिवसांत बापाचं नाव सांगता आलं नाही यांना. भिकार ते भिकारच."

दुवा कशीबशी संपली, तिघींनी ओंजळी तोंडावरून फिरवल्या, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. बिश्केकहून नुरीपा आली होती. मीरिमची नणंद. उंच टाचांचे बूट, आणि अत्तर असं की कढईचा वाससुद्धा दबला. पण फाटकात तिला तेलाचा वास लागला होता आणि तिने आपला अर्थ लावून टाकला होता. उंबऱ्यातच तिने गळा काढला, "माझ्या भावा रे! माझ्या वाघा रे!"

बुरुलचा साधी बाई. ती उठून नुरीपाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "एवढी रडू नकोस गं. सासू म्हणून ती वाईटच होती."

नुरीपाचं रडणं जागच्या जागी थांबलं. मग सगळं कळलं आणि बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"टीव्हीतल्या बाईसाठी? लोक काय म्हणतील, आपा! या मुलीने तुझं डोकं फिरवलंय. बस्स झालं. तू माझ्याकडे चल, पोरांना आजी हवी आहे."

पोरांना आजी नको होती. नुरीपाला फुकटची दाई हवी होती. तिची पोरं आजीला फोनवर सलाम करायलाही येत नसत.

"घराला कुलूप लावू," ती पुढे म्हणाली. "हिला जाता जाता कोचकोरला सोडू. दोन वर्षं होत आली. आता ही आपली कोण लागते?"

मीरिमच्या जिभेवर नणंदेसाठी एवढं काही आलं होतं की तोंडात मावेना. पण तिने बोलायचं नव्हतं. तिने नणंदेसाठी रीतीप्रमाणे अर्धी वाटी चहा ओतायला घेतला आणि वाटी भरून दस्तरखानावर सांडली तरी ओततच राहिली. ती घाबरली होती. आता म्हातारी काय बोलेल त्यावर तिचं घर होतं किंवा नव्हतं.

झूराकानने तोंडातला घास सावकाश संपवला.

"हातिजे माझी कोण लागत होती?" ती म्हणाली.

"आपा, हे काय भलतंच..."

"तिला मी कधी भेटले नाही. जिवंत होती तोवर शिव्याच दिल्या. तरी तिच्या नावाने तेल तापवलं. आणि ही? माझा मुलगा गेल्यावर माझ्याबरोबर त्याच चुलीपाशी बसली. हिला जाता जाता सोडून येऊ? पोतं आहे का?"

"मी तुझ्या पोटची आहे!" नुरीपा ओरडली.

"आहेस. म्हणून तुलाच विचारते. मी मेल्यावर माझ्यासाठी कणीक कोण मळणार? तू?"

नुरीपाने आपल्या रंगवलेल्या नखांकडे पाहिलं.

"तू बाजारातून पिशवी आणशील. तयार, गारढोण. त्याला वास कसला येणार? मी तिकडे उपाशी बसू होय?" म्हातारी सुनेकडे वळलीसुद्धा नाही. "ही इथेच राहील. मी आहे तोवर, आणि माझ्या मागेही. रीतीने घर धाकट्याचं, तर आता धाकट्याच्या बायकोचं. गावाला सांग, बिश्केकला सांग, कुणाला सांगायचं त्याला सांग."

मीरिमला रडू फुटलं. अशा वेळी रडू येतं याचाच तिला राग आला, पण ते थांबेना.

"रडतेस काय त्या तुर्की नटीसारखी?" झूराकान खेकसली. "तेल गार होतंय. दुसरा घाणा टाक. नुरीपा खाऊन निघेल."