भिंतीला मिरचीची धुरी

सोनपेठला तात्यारावाच्या घरी ट्रॅक्टरच्या खोलीत वीज घ्यायची ठरली आणि वायरमन आश्रुबाला बोलावणं गेलं. खोली घराला खेटूनच. मधली भिंत नवी, पक्क्या विटांची. जुनी मातीची होती आणि तिच्यात आरपार देवळी होती. तात्यारावाचे वडील बन्सीधर यांनीच ती काढलेली. तिच्यात ठेवलेल्या रॉकेलच्या एका चिमणीत इकडं घर उजळायचं, तिकडं ट्रॅक्टर. पाहुण्यांना ते ही काटकसर चहाच्या आधी दाखवत. गेल्या उन्हाळ्यात तिकडं डिझेल पेटलं. आग पलीकडंच राहिली, धूर तेवढा देवळीतून इकडं आला. दुपारी जेवून आडवे झालेले बन्सीधर उठलेच नाहीत. अंगावर एक फोडसुद्धा नव्हता.

आश्रुबाचा हात झपाझप चालायचा. त्यानं भिंतीला एकच भोक पाडलं आणि बटणांच्या दोन लोखंडी डब्या पाठीला पाठ लावून बसवल्या. एक इकडं, एक तिकडं. सगळीकडं तो असंच करायचा. वायर वाचते, हात वाचतो.

बन्सीधरांची बायको सरजाबाई चुलीपुढून बघत होती. दोन डब्यांच्या मधी काय, असं तिनं विचारलं. काहीच नाही, आश्रुबा अभिमानानं म्हणाला.

"मंग ही देवळीच की."

डबी लोखंडाची हाय, वरून पाटी बसणार हाय, असं तात्यारावानं समजावलं. ती वाद घालत बसली नाही. तिनं घमेल्यात निखारे घेतले, वर मूठभर वाळल्या मिरच्या टाकल्या. डिझेलचं पीप आणि ट्रॅक्टर अंगणात काढायला लावले. मग ट्रॅक्टरच्या जागी, उपरण्यानं नाक बांधून, घमेल्यासमोर सोसायटीचे चेअरमन तात्याराव बसले. बाहेरचं दार लावून घेतलं.

इकडं सरजाबाई नवऱ्याच्या जागेवर घोंगडी अंथरून आडवी झाली. आश्रुबाला हसावं की पाया पडावं, कळेना. तेवढ्यात त्याला शिंक आली. मग चुलीपाशी झोपलेलं मांजर उठून गेलं. सरजाबाई खोकली, पण हलली नाही.

आश्रुबानं कुणी न सांगता हातोडी उचलली. डब्या काढल्या, भोक विटा-सिमेंटनं गच्च बुजवलं. दोन्ही डब्या दोन हात अंतरानं, भिंतीच्या अर्ध्याच जाडीत बसवल्या. मधली वायर नळीतून नेली आणि नळीभोवती बोटानं सिमेंट दाबलं.

सिमेंट वाळल्यावर पुन्हा मिरच्या. या वेळी तात्याराव आपणहून जाऊन बसला. सरजाबाई पुन्हा आडवी झाली. भिंतीपलीकडून खोकल्याचा नुसता आवाज येत होता. वास नाही, काही नाही. मांजर झोपून होतं.

आणि सरजाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आश्रुबानं घाबरून थापी उचलली. "मावशी, कुठनं यायलाय?"

"कुठनंच न्हाई," ती म्हणाली. "ठेव ती थापी. भिंत लय चांगली झाली." मग पदरानं डोळे पुसून ती उठून बसली. "तात्याला म्हणावं, बाहीर ये आता. लवकर ये म्हणावं."