फक्कीचं विमानतळ

कोमलला सातवा महिना लागला तेव्हा तिनं जर्मनीहून आईचं तिकीट काढून पाठवलं. बाळंतपणाला आई हवी, एवढंच तिचं म्हणणं. विमान दिल्लीहून सुटणार होतं, दुपारी एकला. मंजुळाबाई तोवर नांदेडच्या पुढं कधी गेल्या नव्हत्या. त्यांचे मालक तातेराव गुडघ्यानं अडलेले. मुलगा हरीश दिल्लीपर्यंत सोबत जाणार होता, पण तिकीट नसलेल्या माणसाला विमानतळाच्या आत सोडत नाहीत, असं त्यानं वाचलं होतं. दारापासून पुढं आई एकटी.

हरीशचं वारंगा फाट्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. विमानात तोही कधी बसला नव्हता. त्यानं मोबाइलवर नकाशे पाहिले, आणि हरभरा काढून मोकळ्या झालेल्या वावरात चुन्याच्या फक्कीनं दिल्लीचं विमानतळ आखलं. पहिली रेघ म्हणजे दार. तिथं पासपोर्ट आणि तिकीट दाखवायचं. पुढच्या चौकोनात मोठी बॅग द्यायची, बोर्डिंग पास घ्यायचा. मग पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या साहेबाची रांग, मग अंगझडती. शेवटी पार बांधाजवळ विमानाचं गेट. तिथं खुर्चीवर बसायचं आणि पुकारा होईपर्यंत हलायचं नाही.

रोज सकाळी दहाला सराव. शेजारचे शेषराव साहेब व्हायचे. मंजुळाबाई पहिले दोन दिवस पासपोर्टाआधी त्यांना नमस्कारच करायच्या. पण चार दिवसांत त्या न चुकता गेटपर्यंत जाऊ लागल्या.

पाचव्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "ते भिंतीला एवढाले हात काहून लावलेत रे?"

हरीशला काही कळेना. कसले हात, म्हणून त्यानं विचारलं, तर त्या म्हणाल्या, शिक्क्याच्या रांगेवर, तांब्याच्या तबकड्यांवर, माणसापेक्षा मोठे. त्यानं दुकानात जाऊन फोटो शोधले. हात होते. भल्यामोठ्या भिंतीवर, तबकड्यांच्या पुढं, वेगवेगळ्या मुद्रा केलेले. हे फोटो त्यानंच आधी पाहिले नव्हते, तर आईला कुठून दाखवणार?

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई बांधाजवळच्या शेवटच्या चौकोनात खाली बसल्या. हरीश दहा पावलांवर उभा होता. त्यानं चारदा हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. शेवटी त्यानं जाऊन खांद्याला हात लावला, तेव्हा त्या दचकल्या. तिथं लई गलका असतो, म्हणाल्या, ऐकू येत न्हाई. वावरात तेव्हा वाऱ्याशिवाय काही नव्हतं.

मग हळूहळू त्या एका बाईचं सांगू लागल्या. गेटजवळ बसलेली असते, मांडीवर पिशवी, अंगावर हिरवं लुगडं. आपल्याच वयाची. रोज एकच विचारते, पुकारलं का? तिला वाचता येत नाही.

"दिसती कशी ती?" हरीशनं विचारलं.

"शेजारी बसलेल्याच्या तोंडाकडं कोन पाहत बसतं?"

त्याच दुपारी हरीशनं चपलेनं सगळ्या रेघा पुसून टाकल्या. आईला सांगितलं, सराव पुरे झाला. ती हो म्हणाली. पण दुसऱ्या सकाळी वावरात गेला तर मंजुळाबाई नुसत्या मातीतून चालत होत्या; जिथं वळायचं तिथं वळत होत्या, जिथं थांबायचं तिथं थांबत होत्या. शेवटी बांधाजवळ बसल्या आणि थोडं सरकल्या, एखाद्याला जागा करून द्यावी तसं.

जाऊ नको, असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण कोमल तिकडं एकटी, आणि काय कारण सांगणार?

दिल्लीत मंजुळाबाई दारातून आत गेल्या त्या मागं न पाहता, सरावलेल्या बाईसारख्या. हरीश बाहेर कठड्याला टेकून उभा राहिला. बाराच्या सुमारास फोन आला. सगळं बराबर झालं, त्या म्हणाल्या, हातबी तसेच हायेत.

"आणि ती बाई?"

"हाय की. तिच्यापाशीच बसून राहिले."

हरीशनं आईला दुसरीकडं बसायला सांगितलं. पलीकडून फक्त माणसांचा गलबला ऐकू आला आणि फोन बंद झाला. त्यानं परत लावला, तो लागला नाही.

रात्री कोमलचा फोन आला. आई पोचली होती. पण सगळे प्रवासी निघून गेले तरी ती बाहेर येईना, म्हणून कोमलनं तिथल्या माणसांना सांगितलं होतं. त्यांना ती आतल्या बाजूला सापडली. विमानातून येण्याच्या बंद झालेल्या दाराकडं तोंड करून उभी होती.

कोमलला मुलगी झाली. तीन महिन्यांनी मंजुळाबाई परत आल्या, तब्येतीनं चांगल्या. हरीशनं आठ-दहा दिवस काही विचारलं नाही. मग एका दुपारी त्या शेंगा फोडत बसल्या होत्या, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं.

"माझं नाव पुकारलं. मी उठायच्या आधी ती उठली. सरळ आत गेली, कुनी अडवलं न्हाई. मंग मी गेले, तर तिथली पोरगी मशीनकडं पाहून म्हनली, तुमी तर आधीच आत गेल्या."

पोरीनं मग दोघा-तिघांना बोलावलं, पासपोर्टावरचा फोटो आणि चेहरा पुन्हा पुन्हा पाहिला आणि शेवटी सोडलं. विमानात मंजुळाबाईंच्या शेजारची जागा रिकामी होती. तरी वाढणारीनं तिथं जेवणाचं ताट दोनदा ठेवलं, आणि चूक झाली म्हणून दोनदा उचललं.

"तुला भ्या वाटलं न्हाई?"

भीती वाटायला सवड झाली नाही, म्हणाल्या. उतरल्यावर त्या दाराशीच थांबल्या होत्या. सगळी माणसं गेली, झाडणारे आत शिरले, दार लावून घेतलं.

"ती काही उतरली न्हाई रे. तिला न्यायला कोन येनार व्हतं, तेवढं इचारायचं राहून गेलं."

त्यांनी सुपातली टरफलं बाजूला केली आणि पुढची मूठ घेतली.